ग्रीक पुराणकथा, तीन क्रेडिट आणि त्यांचं बिल

देव तेच, पुस्तकं तीच, पंधरा आठवड्यांचं सत्रही तेच. तरी अमेरिकेत ग्रीक पुराणकथांच्या एका कोर्सला कुणी १३८ डॉलर भरतो, कुणी चार हजारांच्या वर आणि कुणी एक पैसाही भरत नाही. या तफावतीत शिकवणाऱ्याच्या दर्जाचा वाटा फार थोडा असतो. होमर आणि हेसिअड सत्तावीसशे वर्षांपूर्वीचे, त्यांच्यावर कुणाची मालकी नाही. नामांकित प्राध्यापकांची व्याख्यानं घरबसल्या मोफत ऐकता येतात. पैसे पडतात ते ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे अधिकृत गुणपत्रिकेवर, उमटणाऱ्या तीन क्रेडिटचे. त्यामुळे चौकशी सुरू करण्याआधी घरात एकच गोष्ट ठरवा : क्रेडिट हवं आहे, की कथा हव्या आहेत?

हा प्रश्न मराठी घरांत आता बऱ्याच वाटांनी येतो. इंजिनिअरिंगच्या पदवीसाठी अमेरिकेत गेलेल्या मुलाला ‘ह्युमॅनिटीज’चा एखादा विषय घ्यावाच लागतो आणि यादीत ‘क्लासिकल मिथॉलॉजी’ दिसतं. न्यू जर्सीत वाढणारी नववी-दहावीतली मुलगी पर्सी जॅक्सनची पुस्तकं पाठ करून बसलेली असते. नवऱ्याच्या एच-१बी नोकरीमुळे एच-४ या अवलंबित व्हिसावर असलेल्या आईला घरात बसून कंटाळा आलेला असतो. पुण्यात निवृत्त झालेल्या कुणाला आयुष्यभर राहून गेलेलं इलियड आता नीट वाचायचं असतं. चौघांचा खर्च वेगळा आणि सल्लाही वेगळा. हिशेबाच्या सोयीसाठी पुढे सगळीकडे डॉलर ९० रुपयांचा धरला आहे.

एक दशांशाचा हिशेब

अमेरिकन कॉलेजात पूर्णवेळ विद्यार्थी वर्षाला साधारण ३० क्रेडिट घेतो आणि हा कोर्स बहुतेक ठिकाणी ३ क्रेडिटचा असतो. म्हणजे वर्षाच्या शिकवणी-फीचा एक दशांश ही या कोर्सची ढोबळ किंमत. कॉलेज बोर्डाच्या २०२४-२५ च्या सरासरी आकड्यांवरून हिशेब केला, तर कम्युनिटी कॉलेजात स्थानिक रहिवाशाला हा कोर्स सुमारे ४०० डॉलरना पडतो, म्हणजे ३६ हजार रुपये. सरकारी विद्यापीठात त्याच राज्यातल्या विद्यार्थ्याला सुमारे १,१५० डॉलर, म्हणजे लाखाच्या किंचित वर. परराज्यातल्याला ३,१०० डॉलर, म्हणजे दोन लाख ऐंशी हजारांच्या आसपास. खासगी विद्यापीठात ४,३०० डॉलर, पावणेचार लाखांच्याही वर. भारतातून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या मुलाला सरकारी विद्यापीठात बहुतेक वेळा परराज्याचाच दर लागतो.

हे झालं छापील दराचं. हातात येणारं बिल उघडून ओळ न् ओळ वाचा. पहिली ओळ ‘ट्यूशन’. तिच्याखाली तंत्रज्ञान शुल्क, विद्यार्थी-उपक्रम शुल्क, आरोग्यसेवा शुल्क, कुठे वाहतूक शुल्क. कोर्स ऑनलाइन असेल तर काही विद्यापीठं ‘ऑनलाइन कोर्स फी’ म्हणून आणखी एक ओळ लावतात. यातली काही शुल्कं क्रेडिटमागे असतात, काही सत्रामागे एकदाच. एकच विषय घेणाऱ्याला सत्रामागची शुल्कं सगळ्यात जास्त टोचतात, कारण पाच विषयांवर विभागला जाणारा बोजा त्याच्या एकट्या विषयावर येतो. नोंदणीच्या आधी कॉलेजच्या बर्सर (फी) कार्यालयाला एकच प्रश्न ईमेलने विचारा : ‘मी फक्त हा एक कोर्स घेतला, तर शेवटचा आकडा किती?’ उत्तर लेखी मिळू द्या.

पूर्णवेळ विद्यार्थ्याने मात्र खर्चाचा कागद दुसऱ्या बाजूने वाचावा. बरीच विद्यापीठं १२ ते १८ क्रेडिटपर्यंत सरसकट एकच फी घेतात. तुमचा मुलगा १३ क्रेडिट घेत असेल आणि फी सपाट असेल, तर हा ३ क्रेडिटचा विषय त्याला फुकट पडतो. पैसे आधीच भरलेले असतात, ते वापरायचे की नाहीत एवढंच उरतं. ‘आधी कोअर विषय संपव, मग असले शौक कर’ असं घरून सांगणाऱ्यांनी आधी विद्यापीठाची फी-रचना पाहावी. शेवटच्या सत्रात तोच विषय ६ क्रेडिटच्या अर्धवेळ भारात घेतला, तर त्याचे वेगळे पैसे मोजावे लागू शकतात.

इथेच एफ-१ वाल्यांसाठी एक खाच आहे. पदवीच्या विद्यार्थ्याला सत्रात किमान १२ क्रेडिट घ्यावे लागतात आणि त्यात ऑनलाइन कोर्स एकच, म्हणजे ३ क्रेडिटपुरताच धरला जातो. पुराणकथांचा कोर्स ऑनलाइन वर्गांत फार लोकप्रिय असतो, जागा पटकन भरतात, म्हणून मुलं तो घाईने घेऊन टाकतात. आधीच दुसरा एखादा विषय ऑनलाइन घेतलेला असेल, तर १२ चा आकडा कागदावर पुरा दिसूनही नियमात अपुरा ठरतो. फीपेक्षा ही चूक कितीतरी महाग. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारल्याशिवाय ऑनलाइन विभागावर क्लिक करू नये.

स्वस्त क्रेडिट कुठे मिळतं

क्रेडिटच हवं असेल, तर अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजाला तोड नाही. कॅलिफोर्नियात रहिवाशांसाठी २०१२ पासून दर युनिटला, म्हणजे क्रेडिटला, ४६ डॉलर आहे. तीन युनिटचा कोर्स १३८ डॉलरना, म्हणजे साडेबारा हजार रुपयांच्या आत. वर आरोग्य, पार्किंग वगैरेची किरकोळ शुल्कं. पण हा दर रहिवाशाचा. बाहेरच्याला याच युनिटवर अनिवासी शुल्क चढतं आणि स्वस्ताई तिथेच संपते. एच-१बी आणि एच-४ वाल्या कुटुंबांनी रहिवासाचा नियम आपापल्या राज्यात तपासावा. अनेक ठिकाणी एच-४ वरच्या व्यक्तीला रहिवासी दर मिळू शकतो आणि एच-४ वर शिकायला मनाई नाही. भाडेकरार, राज्याचा कर-परतावा, वाहन परवाना ही कागदपत्रं सत्र सुरू होण्याच्या आधीच्या तारखांची लागतात; ऐन वेळी धावाधाव करून रहिवास सिद्ध होत नाही.

मोठ्या विद्यापीठातल्या मुलांची रूढ युक्ती अशी : उन्हाळ्यात घरी यायचं, जवळच्या कम्युनिटी कॉलेजात पुराणकथांचा कोर्स करायचा आणि क्रेडिट आपल्या विद्यापीठात वळवायचं. परराज्याच्या दराने तीन हजारांचा विषय काहीशे डॉलरमध्ये होतो. युक्ती चांगली आहे, मीही सुचवतो, पण तिची सगळी भिस्त कागदावर. तो विशिष्ट कोर्स तुमच्या विद्यापीठात कशाच्या बदल्यात धरतील, हे आधी लेखी घ्या. ‘ऐच्छिक क्रेडिट’ म्हणून धरला आणि ह्युमॅनिटीजची अट तशीच उरली, तर वाचवलेले पैसे दुसऱ्या विषयात जातात. कॅलिफोर्नियातल्या सरकारी कॉलेजांसाठी ‘असिस्ट’ या संकेतस्थळावर हे करार पाहता येतात. इतरत्र विभागाच्या सल्लागाराचा ईमेल हाच पुरावा. आणखी एक : वळवलेल्या विषयाचं क्रेडिट येतं, पण ग्रेड सहसा जीपीएत मिसळत नाही. ‘गोष्टींचा विषय आहे, ए मिळेल, जीपीए वर जाईल’ हा हेतू असेल तर तो इथे साधत नाही.

शाळकरी मुलांसाठी ‘ड्युअल एन्रोलमेंट’ची सोय बऱ्याच राज्यांत आहे, हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचा विषय, फी कमी किंवा माफ. पैशाच्या दृष्टीने याहून स्वस्त क्रेडिट मिळणार नाही. मात्र इथली ग्रेड मुलाच्या कायमच्या कॉलेज-ट्रान्स्क्रिप्टवर जाते, सी मिळाला तरी. आणि आईबापांनी एक लक्षात ठेवावं. पर्सी जॅक्सन लिहिणाऱ्या रिक रायर्डनच्या पुस्तकांतले देव हसतेखेळते असतात. कॉलेजच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात क्रोनस बापाला विळ्याने छाटतो, मग स्वतःची पोरं गिळतो; पुढे अपहरणं, बलात्कार, बाप मारून आईशी लग्न हे सगळं मुळातून वाचावं लागतं आणि त्यावर मोकळी चर्चा होते. पंधरा वर्षांचं मूल हे पेलू शकतं की नाही, ते तुम्हीच ओळखता.

पुस्तकं : इथे निम्मा खर्च वाचतो

या विषयाच्या वाचनयादीत दोन जातींची पुस्तकं असतात. एक जाडजूड पाठ्यपुस्तक, बरेचदा मॉरफर्ड आणि लेनार्डन यांचं ‘क्लासिकल मिथॉलॉजी’ किंवा बॅरी पॉवेल यांचं ‘क्लासिकल मिथ’. नवी प्रत शंभर डॉलरच्या पुढे सहज जाते. दुसरी जात मूळ ग्रंथांच्या अनुवादांची : ओडिसी, हेसिअडची थिऑगनी, होमरच्या नावाने चालणारी स्तोत्रं, दोन-चार शोकांतिका, ओव्हिडचं मेटामॉर्फसीज. ही पेपरबॅकं एकेक करून दहा-वीस डॉलरांची.

पाठ्यपुस्तकावर पैसे घालवू नका, हे माझं स्पष्ट मत. आवृत्ती बदलली तरी मेडुसाचं डोकं पर्सियसच कापतो. मागची आवृत्ती सेकंडहँड बाजारात नव्याच्या अगदी थोड्या किमतीत मिळते आणि पान क्रमांकांचा फरक सोडला तर काही अडत नाही. प्राध्यापकाला पहिल्याच आठवड्यात विचारा, ‘जुनी आवृत्ती चालेल का?’ बहुतेक जण हो म्हणतात. ग्रंथालयाच्या ‘रिझर्व्ह’ कपाटात एक प्रत असते, ती दोन-तीन तासांसाठी मिळते. अडचण होते ती पुस्तकाला ‘अ‍ॅक्सेस कोड’ जोडलेला असेल तेव्हा. ऑनलाइन चाचण्या त्या कोडशिवाय उघडत नाहीत आणि कोड एकदाच वापरता येतो, त्यामुळे सेकंडहँड पुस्तक निरुपयोगी ठरतं. कोर्स निवडतानाच दोन प्राध्यापकांच्या याद्या शेजारी ठेवा. कोड न मागणारा प्राध्यापक निवडण्यात शंभर डॉलर वाचू शकतात.

अनुवादांच्या बाबतीत मात्र मी उलटा सल्ला देईन : प्राध्यापकाने सांगितलेलाच घ्या. मोफत मिळणाऱ्या ओडिसीत सॅम्युएल बटलर यांचा १९०० सालचा गद्य अनुवाद सर्वांत जास्त फिरतो. भाषा ठीक, पण बटलर देवांची रोमन नावं वापरतात. वर्गात झ्यूस, अथीना, ओडिसियस चाललेलं असतं आणि तुमच्या पानावर जोव्ह, मिनर्व्हा, युलिसिस. परीक्षेत नेमकी नावं विचारतात, तिथे गोंधळ होतो. शिवाय निबंधात ओळ क्रमांक द्यावे लागतात. गद्यात ते नाहीत. रॉबर्ट फेगल्स यांच्या अनुवादातले ओळ क्रमांक ग्रीक मूळ ओळींशी जुळत नाहीत. एमिली विल्सन यांच्या २०१७ च्या अनुवादात मूळ ओडिसीइतक्याच ओळी आहेत. वर्गात ‘ओळ ३५० काढा’ म्हटल्यावर सगळ्यांची पानं एका ठिकाणी येणं, याला वीस डॉलर गेले तरी चालतील. भारतात पेंग्विनच्या पेपरबॅक प्रती साधारण तीनशे ते सहाशे रुपयांत मिळतात. इथून जाणाऱ्याने बॅगेत दोन-तीन टाकल्या तर वजन वाढत नाही, पैसे वाचतात. फक्त यादी आधी मागवा.

जे ग्रंथ नुसते चाळायचे असतात त्यांच्यासाठी ‘थिऑय’ हे संकेतस्थळ पुरतं. अपोलोडोरसचा फ्रेझर यांनी केलेला अनुवाद, हेसिअड आणि होमरी स्तोत्रांचा एव्हलिन-व्हाइट यांचा अनुवाद, देवदेवतांची चित्रं असलेल्या प्राचीन कलशांचे फोटो, सगळं तिथे मोफत आहे. टफ्ट्स विद्यापीठाच्या ‘पर्सियस’ ग्रंथालयात ग्रीक मूळही शेजारी वाचता येतं. इडिपसच्या आठवड्यात घरी कुणाला मराठीतून सोबत वाचायचं असेल, तर पु. ल. देशपांड्यांचं ‘राजा ओयदिपौस’ आहेच.

वेळाचा खर्च

बिलात न दिसणारा आकडा तासांचा. अमेरिकन हिशेबात वर्गातल्या एका तासाला घरचे दोन तास धरतात. तीन क्रेडिट म्हणजे आठवड्याला नऊ तास, सत्रभरात १३५. रामायण-महाभारत ऐकत वाढलेल्या आपल्या मुलांना वाटतं, देवादिकांच्या गोष्टी तर आहेत, वाचायचं काय त्यात. तिथेच फसगत होते.

एक आठवडा जवळून पाहा. विषय : डिमिटरचं स्तोत्र. ४९५ ओळी, वाचायला तासभर. पर्सिफनी कुरणात नार्सिससचं फूल तोडते, जमीन दुभंगते, हेडिस तिला रथात घालून पाताळात नेतो. आई मशाली घेऊन नऊ दिवस रानोमाळ फिरते. मग म्हातारीच्या वेषात इल्युसिसच्या राजवाड्यात दाई म्हणून राहते, रोज रात्री राजाच्या तान्ह्या मुलाला अमर करण्यासाठी निखाऱ्यात ठेवते. राणी ते पाहून किंचाळते आणि सगळं फिसकटतं. डिमिटर रुसते, धान्य उगवत नाही, माणसं उपाशी आणि देवांचे नैवेद्य बंद. तेव्हा कुठे झ्यूस नमतो. मुलगी परत येते, पण तिने डाळिंबाचा दाणा खाल्लेला असतो, म्हणून वर्षाचा तिसरा हिस्सा पाताळात. गोष्ट संपली, अभ्यास इथून सुरू होतो. हे लग्न बापाने परस्पर ठरवलं, आईला विचारलं नाही, मुलीला तर नाहीच. त्यात ग्रीक विवाहपद्धतीचं काय दिसतं? शेती आणि दुष्काळाचा संबंध काय? इल्युसिसच्या गुप्त दीक्षाविधींशी ही कथा कशी जोडलेली आहे? ओव्हिड हीच कथा सांगताना काय बदलतो? याच्यावर दोन-तीन पानी टिपण, वर चाचणीत कलशावरचं चित्र दाखवून ‘हा कोण?’ त्रिशूळ दिसला की पोसायडन, सिंहाचं कातडं आणि सोटा असेल तर हेराक्लिस, पंखांची पादत्राणं दिसली तर हर्मिस. नऊ तास असे जातात.

कोडिंगच्या दोन जड विषयांबरोबर हा ‘हलका’ विषय घेणाऱ्यांनी वाचनाचा वेग आधी तपासावा. इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांनाही आठवड्याला शंभर-दीडशे पानं वाचण्याची सवय नसते. आणि निबंध यंत्राकडून लिहून घेण्याचा मोह टाळावा. पकडलं गेल्यावर विषय तर जातोच, निलंबन झालं तर एफ-१ चा दर्जाही जातो.

कथाच हव्या असतील तर

क्रेडिटची गरज नसलेल्यांचा खर्च शून्यापासून सुरू होतो आणि बराच काळ शून्यावरच राहतो. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाचे पीटर स्ट्रक यांचा ‘ग्रीक अँड रोमन मिथॉलॉजी’ हा कोर्सेरावरचा कोर्स २०१२ पासूनचा. नवख्याला सुरुवात करायला मी हाच सांगेन : ओडिसी पूर्ण वाचून घेतात, मग हेसिअड, स्तोत्रं, शोकांतिका, शेवटी व्हर्जिल आणि ओव्हिड. हार्वर्डचे ग्रेगरी नाज यांचा ‘द एन्शंट ग्रीक हीरो’ एडएक्सवर २०१३ मध्ये आला. तो अधिक खोल आहे, पहिला म्हणून घेतला तर दमछाक होईल. त्याचं जाड पुस्तक हार्वर्डच्या हेलेनिक अभ्यासकेंद्राच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतं. येलचे डोनाल्ड कागन यांची ग्रीक इतिहासावरची २४ व्याख्यानंही खुली आहेत. त्यांत पुराणकथा नाहीत, पण कथा कुठल्या समाजातून आल्या ते कळतं.

या व्यासपीठांवर मोफत पर्याय लहान अक्षरांत असतो आणि अटी अधूनमधून बदलतात. कुठे व्हिडिओ मोफत पण चाचण्या बंद, कुठे पहिलाच भाग मोफत, कुठे ठरावीक आठवड्यांनी दार बंद. ‘नावनोंदणी’चं मोठं बटण दाबण्याआधी ‘ऑडिट’ किंवा तशा अर्थाचा दुवा शोधा. प्रमाणपत्राला पैसे पडतात. भारतात परदेशी ऑनलाइन सेवेवर १८ टक्के जीएसटी वर चढतो, किंमत डॉलरमध्ये असेल तर कार्डाचं परकीय चलन शुल्कही, साधारण दोन ते साडेतीन टक्के. सात दिवसांची मोफत चाचणी घेताना कार्ड दिलेलं असतं, ते विसरू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पंधरा हजारांपर्यंतच्या आवर्ती वजावटीला दर वेळी ओटीपी लागत नाही, फक्त २४ तास आधी सूचना येते. ती एसएमएसच्या गर्दीत हरवते आणि महिन्याचे पैसे जातात. चाचणी सुरू केली त्याच दिवशी बँकेच्या अ‍ॅपमधून मँडेट रद्द करावा. ऐपत नसेल तर शुल्क-सवलतीचा अर्ज असतो, तो भरायला लाजू नये.

प्रमाणपत्र घ्यावं का? नोकरीच्या अर्जात त्याचं वजन नगण्य, आणि भारतातल्या विद्यापीठात ते आपोआप क्रेडिट म्हणून धरलं जात नाही. पैसे भरले की अभ्यास पुरा होतो, असा ज्याचा स्वभाव आहे त्याने खुशाल घ्यावं.

ऐकायची आवड असेल, तर ‘ग्रेट कोर्सेस’मधली एलिझाबेथ व्हँडिव्हर यांची ‘क्लासिकल मिथॉलॉजी’वरची २४ व्याख्यानं सुरेख आहेत. छापील किमतीला कधीही घेऊ नका, सवलत सतत लागलेली असते. अमेरिकेत राहणाऱ्यांनी आधी गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयाचं कार्ड काढावं. अनेक ग्रंथालयं ‘कॅनपी’ ही सेवा देतात आणि तिच्यावर ‘ग्रेट कोर्सेस’ फुकट पाहता येतात.

आईवडील सहा महिने आलेत

मुलांकडे आलेल्या आईबाबांना कॉलेजात बसवण्याची कल्पना छान आहे, पण बी-२ या पर्यटक व्हिसावर क्रेडिटचा कोर्स घेता येत नाही. हौसेखातर छोटा, क्रेडिट नसलेला वर्ग चालतो. त्यासाठी ऑशर लाइफलाँग लर्निंग इन्स्टिट्यूट शोधा. पन्नाशीपुढच्यांसाठी अशा शंभराहून जास्त संस्था अमेरिकेतल्या विद्यापीठांत चालतात. परीक्षा नाही, गृहपाठ नाही, फी माफक आणि पुराणकथा तिथला आवडता विषय. कायमच्या रहिवासी ज्येष्ठांना तर बऱ्याच राज्यांत साठी किंवा पासष्टीनंतर सरकारी विद्यापीठात फी माफ करून वर्गात बसू देतात, जागा रिकामी असेल तर. ही ‘जागा असेल तर’ची अट खरी असते, लोकप्रिय प्राध्यापकाच्या वर्गात जागा उरत नाही. सकाळी आठचा वर्ग मागा, तिथे उरते.

नोकरदारांनी कंपनीचं शिक्षण-साहाय्य विचारावं. अमेरिकेत वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतचं असं साहाय्य करमुक्त असू शकतं, पण पदवीचा भाग नसलेला निव्वळ छंदाचा विषय त्यात सहसा बसत नाही. ‘लाइफटाइम लर्निंग क्रेडिट’ या करसवलतीलाही पदवी किंवा कामाचं कौशल्य असा आधार लागतो.

इंग्लंडमध्ये एक कोर्स विकत घेण्याची अमेरिकेसारखी पद्धत कमी. तिथे वर्षाची फी एकत्र असते. एकच विषय हवा असेल तर ओपन युनिव्हर्सिटीचं ६० क्रेडिटचं मॉड्यूल किंवा ऑक्सफर्डच्या निरंतर शिक्षण विभागाचे काही आठवड्यांचे ऑनलाइन वर्ग पाहावेत. पहिलं हजारो पौंडांचं, दुसरं शेकड्यांतलं. ओपन युनिव्हर्सिटीच्याच ‘ओपनलर्न’वर प्राचीन ग्रीस-रोमवरचे छोटे कोर्स मोफत आहेत, आधी तिथे हात चालवून बघा.

संग्रहालयाची फेरी

कोर्समध्ये संग्रहालयात जाऊन एका कलशावर निबंध लिहिण्याचं काम बरेचदा असतं. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला तिकीट नाही. लॉस एंजेलिसजवळच्या गेटी व्हिलात प्रवेश मोफत, पण वेळ आधी आरक्षित करावी लागते आणि पार्किंगला पैसे पडतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनला प्रौढांना ३० डॉलर. न्यूयॉर्क राज्याचे रहिवासी आणि न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कनेटिकटचे विद्यार्थी मनाला येईल तेवढे देऊ शकतात. विद्यार्थी ओळखपत्र खिशात ठेवा. सुटीत ग्रीसची शैक्षणिक सहल जोडणारे कोर्सही असतात. विमानभाडं धरून त्यांचा खर्च मूळ कोर्सच्या कितीतरी पट होतो. अ‍ॅक्रोपोलिसचं तिकीटच एप्रिल २०२५ पासून ३० युरो झालं आहे. क्रेडिट तेवढेच तीन. जायचंच असेल तर सहल म्हणून स्वतंत्र जा, स्वस्त पडतं.

महाराष्ट्रात राहून ग्रीक देव प्रत्यक्ष पाहायचा असेल, तर कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात जा. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती तिथे आहे. समुद्रमार्गे चाललेल्या रोमन व्यापाराच्या काळातली. विमानभाडं नाही आणि तिकीटही किरकोळ. पोसायडनवर निबंध लिहिणाऱ्या आपल्या मुलाने तिचा फोटो जोडला, तर अमेरिकन प्राध्यापक खुर्चीतून पुढे सरकेल.

फी भरल्यानंतरचे दिवस

फी भरली म्हणजे निर्णय संपला असं नाही. ‘अ‍ॅड-ड्रॉप’ची मुदत साधारण पहिल्या एक-दोन आठवड्यांची असते, तोवर नाव काढलं तर पैसे बहुतांशी परत येतात. त्यानंतर परतावा झपाट्याने उतरतो आणि मग ट्रान्स्क्रिप्टवर ‘डब्ल्यू’ ही विषय सोडल्याची खूण उमटते, पैसे जातात. एफ-१ वाल्याने विषय सोडल्यावर क्रेडिट १२ च्या खाली जात असतील, तर सोडण्याआधी आंतरराष्ट्रीय कार्यालयाची परवानगी घ्यावी, नंतर नाही. उन्हाळी सत्रात सगळा अभ्यास सहा-आठ आठवड्यांत कोंबलेला असतो, तिथे ही मुदत दोन-तीन दिवसांचीही असू शकते. म्हणून पहिल्या वर्गाच्या आधी थिऑगनी वाचून काढा. हजारेक ओळी आहेत, थिऑयवर मोफत, एका दुपारी होतात. दुसऱ्या शंभर ओळींतच देवांच्या नावांनी डोकं गरगरायला लागलं आणि तरी पुढे वाचावंसं वाटलं, तर नाव राहू द्या. नाही वाटलं, तर मुदतीची तारीख कॅलेंडरवर आहेच.